मडकी उतरवली का?

पाखरांचं बाळंतपण : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

होळी जवळ आली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. दिवाळीत ‘सिस्टर, आमची जोडी अंडी का घालत नाही?’ म्हणून विचारणारेच आता ‘थांबतच नाही हो, काय करू?’ असं लिहितात. नव्या वाचकांसाठी सांगते, सिस्टर म्हणजे मी खरोखरची सिस्टर. ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात गेली, त्यातली निम्मी बाळंतपणाच्या वॉर्डात. भुसावळला घराच्या गच्चीवर सध्या बजी या चिमुकल्या पोपटांच्या सहा जोड्या, कॉकाटिल या तुरेवाल्या पोपटांची एक जोडी आणि फिंच या चिमणीहून लहान पाखरांचा एक गोंगाट आहे. मी पाखरांची डॉक्टर नाही. जिथे डॉक्टर लागतो तिथे तसं लिहीन, आणि तिथे माझं उत्तर पुढे वाचत बसू नका, पाखरू घेऊन निघा.

प्रश्न : आमच्याकडे लव्हबर्डच्या तीन जोड्या आहेत. मागच्या वर्षी मार्च ते मे या काळात मिळून सोळा अंडी झाली. पिल्लं दोनच निघाली, तीही चार दिवसांत गेली. अंडी घालायला पिंजऱ्यात मडकी टांगलेलीच होती. उन्हाचा त्रास नको म्हणून कूलर लावला होता, दिवसातून तीनदा फवारा मारत होतो, मोड आलेली मटकी आणि मूग देत होतो. खाण्यात काही कमी नाही. यंदा काय बदलू? — वाचक, जळगाव

उत्तर : भाऊ, तुम्ही पत्रात पुढे वर्णन केलंय ते पाखरू लव्हबर्ड नाही, बजी आहे. दुकानदार दोघांना एकच नाव लावतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, अंगानं आखूड, चोचीनं जाड. बजी ऑस्ट्रेलियातली. हे शहाणपण मिरवायला सांगत नाही, तुमच्या सोळा अंड्यांचं उत्तर याच ऑस्ट्रेलियात आहे.

तिथल्या कोरड्या मुलखात बजीचे थवे पाण्यामागे भटकत असतात. पाऊस झाला, गवताला कोवळं बी धरलं की अंडी घालायची. महिना कोणता हे तिला कळत नाही. तिला तीन गोष्टी कळतात : हवेत ओल आली, खायला कोवळं मिळालं आणि बसायला अंधारी ढोली सापडली. आता तुमचंच पत्र परत वाचा. कूलर, फवारा, मोडाचं धान्य आणि टांगलेलं मडकं. एप्रिलच्या उन्हात तुम्ही पिंजऱ्यात पाऊस पाडलात! बिचाऱ्यांनी पावसाळा समजून संसार थाटला.

पुढचं काम आपल्या उन्हानं केलं. अंडं उबायला साधारण साडेसदतीस अंश लागतात. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच पारा ४५च्या वर जातो. मादी उठली तरी अंडं तापतंच, बसली तरी तापतं. शिवाय हवा अशी कोरडी की दुपारी वाळत घातलेली ओढणी पापडासारखी होते. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, उबवणीच्या काळात त्यातून थोडं पाणी उडून जायचंच असतं. ते जास्त उडालं की आतला पडदा चिवट होतो आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू त्यातच चिकटून मरतं. न फुटलेली अंडी तुम्ही फोडून पाहिली असतील तर काहींत पिसं फुटायच्या बेताचं, डोळे मिटलेलं पिल्लू दिसलं असेल. तो दोष ना मादीचा, ना दाण्याचा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. गच्चीवरचा माझा पहिला पिंजरा पत्र्याखाली होता. सात-आठ मडकी, सगळ्यांत अंडी, आणि मी खुशीत. एके दुपारी अडीच वाजता वॉर्डातला खोलीची हवा मोजायचा जुना थर्मामीटर एका जादा, रिकाम्या मडक्यात ठेवून पाहिला. ४३ दाखवत होता. शेजारच्या मडक्यात मादी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून बसली होती, तरी अंड्यांवरून उठत नव्हती. त्या उन्हाळ्यात एकही पिल्लू जगलं नाही आणि दोन माद्या गेल्या. वॉर्डात बाई कळा देत असताना पंखा बंद पडला तर मी मुकादमाला फाडून खायची, आणि घरी मीच पत्र्याखाली आठ बाळंतिणी बसवल्या होत्या.

तेव्हापासून माझं पंचांग सोपं आहे. दसऱ्याला मडकी टांगायची, होळीला उतरवायची. मधे पाच महिने मिळतात. हिशोब करून बघा : तयारीतली जोडी असली तर मडकं टांगल्यावर आठ-दहा दिवसांत पहिलं अंडं. पुढे दिवसाआड एक, म्हणजे पाच अंड्यांना नऊ दिवस. प्रत्येक अंड्याला उबवणीचे १८ दिवस. पिल्लू मडक्याबाहेर यायला आणखी पाच आठवडे. एक खेप सव्वादोन-अडीच महिन्यांची. दसरा ते होळी दोन खेपा नीट बसतात. तिसरी बसवायची हाव धरू नका. मादीचं वय वर्षाच्या आत असेल तर पहिलीसुद्धा नको. दुकानदार ‘चार महिन्यांत जोडी तयार’ म्हणतो. तयार असते, पण सोळाव्या वर्षी लग्न लावल्यासारखी.

यंदा होळीला मडकी काढा. एखाद्यात पिल्लं असतील तर तेवढं एक राहू द्या, त्यांचं आटोपेपर्यंत पिंजरा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत न्या. बाकीच्यांचे नर एका पिंजऱ्यात, माद्या दुसऱ्यात. मोडाचं धान्य आणि उकडलेलं अंडं बंद, फक्त कोरडं राळं, बाजरी आणि थोडी हिरवी भाजी. कूलर बंद करू नका, नाहीतर पाखरंच जातील. त्याचा झोत मात्र थेट पिंजऱ्यावर नको, खिडकी उघडी ठेवा. गारव्यासाठी पसरट ताटलीत भिजवलेली कोथिंबिरीची जुडी ठेवा. बजी तिच्यात अशी लोळते की म्हैस डबक्यात लोळल्यासारखी, पाठ, पोट, मान, सगळं भिजवून घेते. तुम्ही म्हणाल, ही ओलच ना? आहे. पण ढोली नाही, कोवळा दाणा नाही, नर नाही, मग एकट्या ओलीनं सहसा काही होत नाही.

प्रश्न : मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि तिची कॉकाटिल माझ्या गळ्यात पडली. एकटीच मादी आहे, नर नाही. तरी गणपतीपासून आतापर्यंत चौदा अंडी घातली! आधी दिवाणाखाली घालायची, आता पिंजऱ्यातच. मी प्रत्येक अंडं लगेच काढून टाकते, घाण नको म्हणून. सासूबाई तिच्याकडे बघून म्हणतात, ‘माय वं, मरी जाई ना ती!’ खरंच काही धोका आहे का? — गृहिणी, पारोळा

उत्तर : सासूबाईंचं बरोबर आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा.

नर नसला तरी मादी अंडी घालते, कोंबडी घालते तशीच. ती फळत नाहीत एवढंच. पण कवचाला लागणारा चुना तिच्याच अंगातून जातो. खाण्यात पुरेसा नसला तर हाडातून ओढला जातो. चौदा अंड्यांनंतर पाय लटपटणं, झटके येणं, पंखाचं हाड मोडणं, अंडं अडकणं, यातलं काहीही होऊ शकतं. वॉर्डात मी पाठोपाठच्या बाळंतपणांनी पांढऱ्या फटक पडलेल्या बाया पाहिल्यात. पाखराचं तोंड पांढरं पडलेलं दिसत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही.

आता तुमची मुख्य चूक, रागावू नका. तुम्ही प्रत्येक अंडं काढता. तिच्या लेखी ते चोरीला गेलं, म्हणून ती भरपाई करते. कॉकाटिल एरवी चार ते सहा अंड्यांवर थांबते आणि बसते. तिला ‘पुरे झाली’ असं वाटायला अंडी पोटाखाली लागावी लागतात. यापुढे ती तिथेच राहू द्या. प्रत्येकावर पेन्सिलनं तारीख टाका. नर नाही, त्यामुळे त्यातून काही निघायची भीती नाही. ती तीन आठवडे बसेल, मग कंटाळून उठेल. आपण होऊन उठली आणि चार-पाच दिवस फिरकली नाही की मग काढा. फुटलेलं असेल तेवढं मात्र लगेच उचला. (घरात नर असता तर अंडी उकळून, गार करून परत ठेवायला सांगितलं असतं.)

दुसरं, दिव्याचं. तुम्ही पुढे लिहिलंय की पिंजरा हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे आणि ‘रात्रीच्या मालिका संपेपर्यंत तीपण आमच्याबरोबर जागी’. म्हणजे सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत १७ तास तिला दिवस. लांब दिवस म्हणजे विणीचा हंगाम, हे पाखराच्या अंगातच लिहिलेलं असतं. महिनाभर तरी तिला आतल्या खोलीत ठेवा. संध्याकाळी सहाला जाड कापड टाका, सकाळी आठला काढा. चौदा तास अंधार. मालिकेचं काय झालं ते सकाळी सांगा तिला.

दिवाणाखालची जागा बंद करा, उशा लावून, खोकं लावून, कसंही. पिंजऱ्यातला आरसा काढा. त्यातल्या पाखराशी तिचं लग्न लागलंय. पिंजऱ्याची जागा आणि आतल्या काठ्यांची रचना आठवड्याला बदला. घर अस्थिर वाटलं की मादी अंडी लांबवते. सूर्यफुलाच्या बिया बंद, फार तर बक्षीस म्हणून दोन. आणि लाड फक्त डोक्यावर, मानेवर. पाठीवरून, शेपटीकडे हात फिरवला की तिला तुम्ही नर वाटता. तुमची मुलगी नेमकी पाठच कुरवाळत असणार.

भरपाईसाठी समुद्रफेण तारेला अडकवा. तो नाही मिळाला तर घरची अंड्याची टरफलं दहा मिनिटं उकळा, वाळवा, खलबत्त्यात रव्याएवढी कुटा आणि वेगळ्या वाटीत ठेवा. दाण्यात मिसळू नका, तिला हवं तेवढं ती खाईल. शेवग्याचा पाला द्या, पारोळ्याला दारोदारी झाड आहे. पालकाचा मारा नको. त्यातलं आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. आणि सकाळचं कोवळं ऊन वीस मिनिटं, अर्ध्या पिंजऱ्यावर सावली ठेवून. काचेआडून नाही. काच ऊब आत सोडते, पण जीवनसत्त्व ड तयार करणारे किरण अडवते. उन्हाशिवाय खाल्लेलं टरफल फुकट जातं.

एवढं करूनही महिन्याभरात अंडी चालूच राहिली तर पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. ते थांबवायला संप्रेरकाचं इंजेक्शन किंवा कातडीखाली बसवायची गोळी असते, पण ते त्यांनीच ठरवायचं.

प्रश्न : झेब्रा फिंचना घरटं करायला आमच्या शेतातलाच स्वच्छ कापूस देतो. त्यांना आवडतो पण खूप. तरी एका पिल्लाचा पाय काळा पडून गळाला. रोग असेल का? — शेतकरी, चोपडा

उत्तर : रोग नाही, तुमचा कापूसच. कापसाचा लांब धागा पिल्लाच्या पायाला वेढा घालतो. पिल्लू वाढतं, धागा वाढत नाही. आमच्याकडे एका नराचं बोट असंच गेलं. भिंगातून पाहिलं तेव्हा कातडीत रुतलेला एकच पांढरा तंतू दिसला, केसाहून बारीक. हातात सहज तुटणारा धागा पिल्लाला तोडता येत नाही. कापूस, सुतळी, लोकर, काही देऊ नका. नारळाचा काथ्या दोन-तीन इंचांचे तुकडे करून द्या आणि बांधावरचं वाळलेलं गवत.

तेही किती द्यायचं त्याला मर्यादा आहे. फिंच रोज सकाळी एक अशी चार ते सहा अंडी घालते. तिसरं अंडं दिसलं की सगळा काडीकचरा पिंजऱ्यातून उचलायचा. नराला बांधकामाचं वेड असतं. सामान दिसलं की तो अंड्यांवरच दुसरा मजला चढवतो आणि मादी वर नव्यानं अंडी घालते. खालची थंड. बाकी यांची उबवणी बारा-चौदा दिवसांची आणि तीन आठवड्यांत पिल्लं बाहेर, त्यामुळे घरटं टांगलेलं ठेवलं तर वर्षभर कारखाना चालू. दोन खेपांनंतर घरटं काढा. कपाशीलासुद्धा तुम्ही फरदड, म्हणजे जुन्याच झाडांवर परत पीक, घेत नाही ना? तसंच हे.

प्रश्न : बजीची मादी सकाळी पिंजऱ्याच्या तळाला फुगून बसली होती. शेपटी वरखाली हलत होती, जोर करत होती. कोणी सांगितलं अंडं अडकलंय, एरंडेल पाजा आणि पोट दाबा. दाबायची हिंमत झाली नाही, पण ड्रॉपरनं एरंडेल पाजलं. दुपारी गेली. गणपतीपासूनची तिची ती चौथी खेप होती. पिंजरा मागच्या खोलीत असतो. दाणा आणि केळी भरपूर. आमचं काय चुकलं? — वाचक, रावेर तालुका

उत्तर : दाबलं नाहीत हे फार चांगलं केलंत. दाबल्यानं अंडं आत फुटतं, टरफलाचे तुकडे आतड्याला लागतात आणि जगू शकणारं पाखरूही मरतं. एरंडेल पोटात जातं, अंड्याच्या वाटेशी त्याचा संबंध नाही. जोर करणाऱ्या पाखराच्या श्वासनळीत मात्र ते उतरू शकतं.

तुम्ही लिहिलेली लक्षणं अगदी तीच. त्यात आणखी एक धरा, पाय अधू पडल्यासारखे मागे ओढणं. याउलट, अंड्याच्या आदल्या दिवशी मादीची विष्ठा एकदम मोठी, पातळ, वासाची होते आणि मागचा भाग सुजल्यासारखा दिसतो, हे मात्र नेहमीचं आहे. त्याला घाबरून धावपळ करू नका. मादी काठीवर बसलेली आहे, खाते आहे, तोवर तिच्या वाटेला जाऊ नका.

पण तळाला बसली की घड्याळ लावा. माझ्याकडे हे जानेवारीतल्या एका पहाटे घडलं. कडाक्याची थंडी होती. पिवळी मादी, तिसरं अंडं. बुटाच्या खोक्यात जुना टॉवेल, एका कोपऱ्याला बाहेरून ४० वॅटचा पिवळा बल्ब, दुसऱ्या कोपऱ्यात वाटीत गरम पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल. थर्मामीटर ३० ते ३२च्या मधे राहील असं खोक्याचं झाकण उघडमीट करत होते. अर्धं खोकं गार ठेवलं, म्हणजे नको झालं तर तिला सरकता यावं. वर कापड टाकून अंधार केला आणि दर अर्ध्या तासानं फक्त एका फटीतून पाहिलं. यांनी चहा करून आणला, तो निवला. पावणेदोन तासांनी पाहिलं तर ती टॉवेलच्या दुसऱ्या टोकाला सरकलेली आणि मधे अंडं पडलेलं. हातात घेतलं तर टरफलच नव्हतं, ओल्या खजुरासारखं मऊ, बोटाखाली दबत होतं. मला तेव्हा माझीच लाज वाटली. महिनाभर ढगाळ म्हणून पिंजरे मी आत ठेवले होते, समुद्रफेण संपला होता आणि ‘बाजाराच्या दिवशी आणू’ म्हणत दोन बाजार गेले होते.

ही ऊब म्हणजे उपचार नाही, डॉक्टरांपर्यंत पोचायची सोय आहे. दोन तासांत अंडं आलं नाही, किंवा ती आडवी झाली, तोंडानं श्वास घ्यायला लागली, तर वाट बघू नका. कॅल्शियमचं इंजेक्शन, सलाईन, वेळ पडली तर अंड्यातला द्रव सुईनं ओढून घेणं, हे डॉक्टर करतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर दिवसभर गुराढोरांत असतात, म्हणून आधी फोन करून सांगा की बजी आणतोय, अंडं अडकलंय. मोटरसायकलवर उघड्या पिंजऱ्यात नेऊ नका. खोक्यात, कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवून न्या.

चुकलं ते त्या सकाळी नाही, त्याआधीच्या पाच महिन्यांत. चार खेपा, मागची खोली म्हणजे ऊन नाही, आणि केळी. रावेरच्या माणसाला केळीला नावं ठेवलेली चालत नाहीत, मला माहीत आहे, पण केळात कॅल्शियम नावापुरतं. पाखराला आठवड्यातून दोन चकत्या पुरेत. नर राहिला असेल तर लगेच दुसरी मादी आणू नका. यंदाचा उन्हाळा त्याला एकट्याला काढू द्या.

प्रश्न : चार जोड्यांना चार मडकी दिली, तरी माद्या रक्त निघेपर्यंत भांडतात. एका पिल्लाला टोचून मारलं. — वाचक, धुळे

उत्तर : चार जोड्यांना मडकी किमान सहा, आठ असली तर उत्तम. सगळी एकाच उंचीवर आणि एकाच दिवशी टांगा. बजीच्या माद्यांना सगळ्यात वरचं घर हवं असतं. वरचं एकच असलं की त्यावरून महाभारत. जोडीविना एखादी जास्तीची मादी पिंजऱ्यात आहे का ते मोजा, पिल्लांवर धाड घालणारी बहुधा तीच असते. पिंजरा लहान असेल तर थव्याचा नाद सोडा आणि प्रत्येक जोडीला दोन फूट बाय दीड फूट बाय दीड फूट असा वेगळा पिंजरा करा.

प्रश्न : आमच्याकडे हिरव्या पोपटांची जोडी आहे, लाल चोचीची, गळ्याला पट्टा. त्यांची पिल्लं काढायची आहेत. मडकं चालेल का? — वाचक, शहादा

उत्तर : नाही. हा आपल्या रानातला पोपट. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो घरात ठेवणंच गुन्हा आहे, पिल्लं काढणं पुढचं. मैना आणि रानातल्या मुनियाही तशाच. बजी, कॉकाटिल, झेब्रा फिंच ही परदेशी आणि पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेली, त्यांचं वेगळं. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. एकदम सोडून देऊ नका, बरीच वर्षं पिंजऱ्यात असलेल्याला बाहेर दाणा शोधता येत नाही आणि कावळे तासाभरात फाडतात.

प्रश्न : सिस्टर मावशी, मी सातवीत आहे. माझ्याकडे राजा आणि राणी अशी बजीची जोडी आहे. दोघांचं नाक तपकिरी आहे. मडक्यात नऊ अंडी आहेत आणि राजा-राणी दोघंही बसतात. राजा खूप चांगला बाबा आहे. पण पहिल्या अंड्याला २३ दिवस झाले तरी पिल्लू नाही. मी अंडं फोडून बघू का? — अमळनेर

उत्तर : फोडू नकोस. रात्री खोलीतला दिवा बंद कर, हात कोरडे करून अंडं दोन बोटांत अलगद धर आणि मोबाईलचा टॉर्च खालून लाव. सात दिवसांपुढच्या चांगल्या अंड्यात लाल बारीक शिरांचं जाळं दिसतं, पिंपळाच्या जाळीदार पानासारखं, आणि मधे एक ठिपका. नंतर सगळं गडद होत जातं. तुझं अंडं आतून नुसतं पिवळसर, स्वच्छ दिसेल असं मला वाटतं. नऊच्या नऊ.

का ते सांगते. तूच पत्रात तीन पुरावे दिलेस. पहिला, नाक. चोचीच्या वरची ती मेणासारखी पट्टी मोठ्या नराची निळी असते, मादीची तपकिरी. (पांढऱ्या आणि पिवळ्या लाल-डोळ्यांच्या नरांची जांभळट-गुलाबी राहते, पण तपकिरी नाही.) दुसरा, बजीमध्ये अंड्यांवर फक्त मादी बसते. नर बाहेरून येऊन तिला भरवतो. कॉकाटिलमध्ये दोघं पाळी लावतात, बजीमध्ये नाही. तिसरा, नऊ अंडी. एका मादीची साधारण चार ते सहा होतात. दोघींची मिळून नऊ झाली.

तुझा राजा हा चांगला बाबा नाही, चांगली मावशी आहे!

वाईट वाटून घेऊ नकोस, दुकानात लहान पाखरांची नाकं सारखीच दिसतात, माझ्याही पहिल्या जोडीत हेच झालं होतं. आता एवढं कर. अंडी एकदम उचलू नकोस, नाहीतर दोघी परत घालतील. त्यांचं मन उडेपर्यंत बसू दे, आठ-दहा दिवस आणखी. टरफलाचा चुरा आणि शेवग्याचा पाला दे, नऊ अंड्यांनी दोघी थकल्यात. मग होळीच्या आत मडकं उतरव, गरम पाण्यानं धू, दोन दिवस कडक उन्हात वाळव आणि माळ्यावर ठेव. नर आणायचा असेल तर दसऱ्याला, आणि एक नाही, दोन आण, नाहीतर एकावरून दोघी भांडतील. घरी आणल्यावर महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायचं, आजारी नाही याची खात्री होईपर्यंत.

आणि राजाचं नवीन नाव काय ठेवलंस ते मला कळव.